डोअर, द्वार आणि देवळालीचा ताप

शब्दशोधी :
‘इंग्रजी ही संस्कृतचीच लेक’ अशा मथळ्याचा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या गटावर गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. डोअर म्हणजे द्वार, नेम म्हणजे नाम, मदर म्हणजे मातृ, पाथ म्हणजे पथ, अशा पन्नासेक जोड्या आणि शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ ही तंबी. दोनदा गप्प बसलो, तिसऱ्यांदा राहवले नाही.

दोन चुलत भावांची नाके सारखी असली म्हणून त्यांतला एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या भाषेतून आल्या असाव्यात, असे भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात मांडले. पुढे १८२२ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने ध्वनिबदलांचा नियमच दाखवून दिला. संस्कृतात जेथे ‘द’ तेथे इंग्रजीत ‘ट’ : दश-टेन, द्वि-टू, दन्त-टूथ. जेथे ‘प’ तेथे ‘फ’ : पितृ-फादर, पाद-फूट. उसना घेतलेला शब्द असा वागत नाही. इंग्रजांनी आपला ‘पंडित’ खरोखरच उचलला, पण त्याचा ‘फंडिट’ केला नाही.

आता यादीतले पहिलेच रत्न पाहा. या नियमाने संस्कृत ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ व्हायला हवा होता, तरी ‘डोअर’मध्ये ‘ड’ आहे. याचे कारण मूळ शब्दात ‘ध’ होता, आणि याच नियमाने ‘ध’चा इंग्रजीत ‘ड’ होतो. ग्रीक ‘थुरा’ त्याची साक्ष देतो आणि तो ‘ध’ संस्कृतच्या ‘द्वार’मध्येच नियम मोडून हरवला आहे. आईने हरवलेली वस्तू लेकीच्या पेटीत कशी निघाली, हे पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावे.

गीर्वाण :
आपल्या लेखनातील तुच्छतेचा सूर खटकला. जोन्स म्हणाला, ग्रिम म्हणाला, म्हणून ते सत्य, आणि आमचे गुरुजी म्हणाले तर ती भाबडी समजूत! मला संस्कृत शिकवणारे गुरुजी खडूने फळ्यावर ‘मातृ, पितृ, भ्रातृ’ लिहीत, त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द मांडीत, आणि खेड्यातली आम्ही चाळीस मुले अवाक् होऊन पाहत असू. त्या फळ्याने मला भाषेची गोडी लावली. तुमच्या नियमांनी ती लागली नसती.

तरीही नियमच हवा असेल तर ‘पाथ’कडे पाहा. ‘प’चा ‘फ’ झाला पाहिजे ना? मग इंग्रज ‘फाथ’ का म्हणत नाहीत? शर्करेपासून ‘शुगर’ आणि नारङ्गापासून ‘ऑरेंज’ झाले, हे तर तुमचे कोशही मान्य करतात. त्यावर आपण सोयीस्कर मौन का पाळले?

शब्दशोधी :
पन्नास जोड्यांतली एकच खरोखर अवघड जोडी तुम्ही नेमकी काढलीत, त्याबद्दल अभिनंदन. ‘पाथ’ नियमात बसत नाही, हे मान्य. तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या कुळातल्या, भाषांत एखाद्या इराणी बोलीतून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात, पण निकाल लागलेला नाही. मात्र इराणी भाषा संस्कृतच्या बहिणी आहेत, लेकी नव्हेत.

शर्करा आणि नारङ्ग हे तर बाजाराचे शब्द. साखरेचे पोते अरबांकडून युरोपात गेले, त्याबरोबर नावही गेले. पोत्याबरोबर गेलेले नाव आणि रक्तातून आलेले नाव यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. बाकी नुसत्या साम्यावर जायचे तर फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ एक आणि अर्थही एक, तरी त्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. आपला ‘बदनाम’ इंग्रजीतून आला, असे आता कोणी लिहू नये म्हणजे मिळवली.

मुंगसाचा शेजारी :
दोन विद्वान आईवरून भांडत आहेत आणि मावशी दारात उभी आहे. इंग्रजी ‘मंगूज’ हा सरळसरळ आपला मुंगूस आहे. त्यातल्या ‘गूज’चा हंसाशी काही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘मंगीज’ होत नाही. या प्राण्याला संस्कृतात ‘नकुल’ म्हणतात. इंग्रजांनी नकुल घेतला नाही, मुंगूस घेतला. आमच्या परसातल्या वडाखाली तो रोज सकाळी दोन पायांवर उभा राहून आमच्याकडे पाहतो, तेव्हा मला फार अभिमान वाटतो. बाकीची यादी तुम्हाला लखलाभ.

सीमेवरचा :
अभिमान जरा आवरा. कन्नडमध्ये ‘मुंगुसि’ आहे आणि तेलुगूतही जवळचाच शब्द आहे. मराठीनेच तो द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतला असण्याचा संभव मोठा आहे. मी बेळगावात वाढलो. आमच्या गल्लीत हा प्राणी कोणत्या भाषेत पळतो, यावरून मुलांची डोकी फुटली आहेत, त्यामुळे हा वाद मला नवा नाही.

मुंगसाचा शेजारी :
इंग्रजांनी तो मराठीतून घेतला, असे बऱ्याच इंग्रजी कोशांत छापलेले आहे. मराठीने कोठून आणला हा आमचा घरगुती प्रश्न आहे, आणि तुमचे म्हणणे, फार तर, अर्धे मान्य.

परदेशस्थ नाशिककर :
माझा अनुभव सांगते. लेस्टरमध्ये मी काम करते तेथे एके दिवशी वेष्टणाचे यंत्र आपोआप उलटे फिरू लागले. मुकादम कपाळावर हात मारून म्हणाला, ‘हे डूलॅली झाले आहे.’ म्हणजे वेडे झाले आहे. चहाच्या सुट्टीत मी त्याला सांगितले की डूलॅली म्हणजे देवळाली, आणि तेथे माझी आजी राहते. त्याला वाटले मी थट्टा करते आहे. शेवटी नकाशा उघडून दाखवावा लागला.

देवळालीकर :
या शब्दाचा आम्हाला मनस्वी राग आहे. आमच्या गावाची हवा चांगली म्हणून लोक विश्रांतीला येतात, आणि जगाच्या कोशात आम्ही वेड्यांचे गाव! त्यात आमचा दोष काय? मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. मुंबईहून त्यांना नेणारी जहाजे थंडीच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली त्याला महिनोन्महिने बसून राहावे लागे : काम नाही, वर ऊन, हिवताप आणि दारू. माणूस बिघडला तो सरकारच्या वेळापत्रकाने. माझे पणजोबा त्या छावणीत पाव पुरवीत, आणि घरात त्यांची एकच आठवण सांगतात की हे शिपाई रोज तोच प्रश्न विचारीत, ‘बोट कधी?’

शब्दशोधी :
मूळ विषय मागे पडला खरा, पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. पूर्ण शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता. त्यातला ‘टॅप’ म्हणजे ताप. मुंबईच्या डोंगरीवरून जाड्याभरड्या कापडाला ‘डंगरी’ नाव पडले, तसेच हे. अशी खरी देणी असताना खोट्या याद्या कशाला?

गीर्वाण :
‘ताप’ हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, ‘तप्’ धातूपासून झालेला. तुमच्याच उदाहरणाने संस्कृत इंग्रजांच्या बराकीत पोहोचली. धन्यवाद.

शब्दशोधी :
कोशांत तो उर्दू-फारसी ‘तप’वरून आला असे देतात, आणि ती फारसी ‘तप’ तुमच्या ‘तापा’ची बहीण आहे, म्हणजे पुन्हा लेक नव्हे. पण देवळालीच्या बाजारात मराठी दुकानदाराने ‘ताप’ म्हटले की हिंदुस्थानी शिपायाने ‘तप’, हे त्या गोऱ्याच्या कानाला कळणे शक्य नव्हते. तेव्हा निम्मा ताप तुम्ही घ्या. तुमच्या गुरुजींच्या फळ्यावरची मातृ-मदर ही जोडीही बरोबर होती, फक्त मथळा चुकला होता.

गीर्वाण :
गुरुजींनी मथळा लिहिलाच नव्हता. तो गटावरच्या मजकुराचा होता, आणि मला तो आवडला होता, हे कबूल करतो.

देवळालीकर :
आणि आमच्या गावाच्या बदनामीचे काय?

परदेशस्थ नाशिककर :
मुकादमाला मी शब्दप्रयोगाचा गळून पडलेला उत्तरार्धही सांगितला आणि त्याबरोबर ‘डोक्याला ताप’ शिकवले. परवा यंत्र पुन्हा अडकले तेव्हा त्याने देवळालीचे नाव काढले नाही. माझ्याकडे पाहून फक्त ‘ताप’ म्हणाला.