नवीन घरात ऑलिव्ह, लॅव्हेंडर, रोझमेरीच्या कुंड्या थंडीत आत घ्यायच्या का?

दसऱ्याला परभणीत नवीन घरी रहायला आलो. हौसेनं ऑलिव्ह, लॅव्हेंडर अन् रोझमेरी आणली, युट्यूबवर सगळे म्हणायलेत थंडीत आत घ्या म्हणून, इथं पहाटे पारा ७-८ वर यायलाय तर गच्चीवरून हॉलमध्ये आणून ठेवल्या. तीन आठवडे झाले, लॅव्हेंडरची खालची पानं काळी पडून गळायलेत, रोझमेरीला फिक्कट लांब दोरीसारखे शेंडे. माती शेतातली काळी + शेणखत, पाणी रोज तांब्याभर. बायको पहिल्या दिवसापासून म्हणायली बाहेर ठेवा. काय चुकलं?

गच्चीवरची बाग
वहिनींचं ऐका 😀 ते व्हिडिओ बर्फ पडतो तिकडचे आहेत हो. ही झाडं मूळची भूमध्य समुद्राकडची, तिकडं पाऊस हिवाळ्यात पडतो अन् उन्हाळा कोरडा, आपल्याकडं बरोबर उलटं, म्हणून या झाडांना परभणीची थंडी नाही तर जून ते सप्टेंबरचा पाऊस मारतो. ७-८ डिग्री म्हणजे त्यांना मजाच, ऑलिव्ह तर शून्याखाली ४-५ पण सहन करतं. आजच गच्चीवर न्या, पण एकदम कडक उन्हात नको, आठवडाभर पोर्चमध्ये ठेवून मग.

आणि ती काळी माती काढा आधी! कापसाला ठीक आहे, कुंडीत चिखल होऊन बसतो, मुळांना हवाच नाही. मी निम्मी माती, निम्मा बारीक मुरूम अन् जाड वाळू घेतो, शेणखत मूठभर. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

लातूरकर
माझा भाऊ जर्मनीत आहे, तिथं लिंबू-ऑलिव्ह आत घ्यावंच लागतं, पण गरम हॉलमध्ये नाही, ५ ते १० डिग्रीच्या उजेडाच्या जागी. पहिल्या वर्षी त्यानं नव्या घरात ठेवलं, जमिनीखालून हीटिंग, खिडक्या एकदम पॅक, लिंबाची सगळी पानं गळाली. ऊब जास्त अन् उजेड कमी झाला की झाड वाढायला बघतं पण अन्न तयार होत नाही, तुमचे दोरीसारखे शेंडे त्यातूनच आलेत. नंतर त्यानं बिनगरम जिन्यात खिडकीपाशी ठेवलं, तेव्हा टिकलं.

औंढा रोड
नवीन घर म्हणजे प्लास्टर अजून ओलं असणार, हॉल बंद ठेवला की दमट होतो, लॅव्हेंडरला तेच नको असतं. उरलेलं सिमेंट-पुट्टीचं पाणी कुंडीत कोणी ओतत नाही ना बघा, आमच्या मिस्त्रीनं ओतलं होतं, मोगरा गेला. पांढरी गच्ची असेल तर मे महिन्यात खालून पण भाजतं, कुंड्या विटांवर ठेवून दुपारी शेडनेट.

मूळ प्रश्नकर्ता
लॅव्हेंडर उपटून बघितलं, मुळं तपकिरी अन् वास यायलाय, गेलं म्हणायचं. रोझमेरीचे चांगले शेंडे कापून वाळूत लावले. ऑलिव्ह बाहेर काढलं, बरं दिसायलंय. त्याला फळं येतील का?

गच्चीवरची बाग
फुलाला बरेच दिवस चांगली थंडी लागते, परभणीच्या गच्चीवर आशा कमीच. लोणच्यासाठी अंबाडीच लावा 😀