मदत हवी आहे: भिजवलेली मेथी आणि शुगरची गोळी एकत्र घेताय का कुणी?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. डायबेटिस १२ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी तिने चमचाभर मेथीदाणे रात्री भिजत घालून सकाळी अनशापोटी चावून खायला सुरुवात केली. आजी गुडघ्यांसाठी घ्यायची, तेच बघून. पोट साफ व्हायला लागलं, उपाशीपोटीची शुगर १५५ वरून १२५ च्या आसपास आली. मग तिने कुणाला न विचारता एकाचे तीन चमचे केले.

गेल्या आठवड्यात सकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मीटरवर ५८! लगेच साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ८६ आली. तेवढी पंधरा मिनिटं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेव्हापासून मी बरंच वाचलं. मेथी भिजवल्यावर जो बुळबुळीत चिकटा सुटतो, तो विरघळणारा तंतू. त्याने जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्लही असतं आणि ते इन्सुलिन वाढवतं असं प्रयोगांत दिसलंय. ग्लिमेपिराइडही इन्सुलिनच वाढवते. म्हणजे दोन्हींचा जोर एकाच बाजूला. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी, असं मला आता मुळीच वाटत नाही. (आईच्या घामाला येणारा गोडसर वास मात्र मेथीचाच निघाला, त्याची काळजी मिटली.)

डॉक्टरांनी सध्या मेथी बंद ठेवून दोन आठवड्यांच्या शुगरच्या नोंदी आणायला सांगितलंय. पण आई ऐकत नाही. बद्धकोष्ठता परत आलीय, गुडघे दुखतात म्हणते, आणि मेथीपेक्षा गोळीच बंद कर म्हणते. गोळी मी बंद करू देणार नाही.

तुमच्यापैकी कुणी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनबरोबर मेथी घेतलीय का? किती, आणि डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला होता का? चिकट्यामुळे औषध शोषायला वेळ लागतो म्हणतात, तर मध्ये किती तासांचं अंतर ठेवलंत? शुगरवर फारसा परिणाम न होता फक्त पोटासाठी घेता येईल असं दुसरं काही आहे का? इसबगोल सुचवलं तर तिला पटेलसं वाटतं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच देईन.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मेथी औषधासारखी रोज घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. वॉरफरिनबरोबर रक्तस्राव वाढू शकतो, हे मलाही याच शोधाशोधीत कळलं.