मदत हवी आहे: हौदातले गप्पी आणि तळ्यातले गप्पी वेगळे दिसू लागलेत. फरक रक्तातला की खाण्यातला?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षांपूर्वी आरोग्य कर्मचाऱ्यांनी डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे आणले होते. एकाच बादलीतले थोडे शाळेच्या सिमेंटच्या हौदात सोडले, उरलेले गावतळ्यात. हौदात दुसरा मासा नाही. तळ्यात मरळ आहे आणि काठच्या बाभळीवर खंड्या दिवसभर टपून बसलेला असतो.

नववीच्या मुलांनी दोन्हीकडचे वीस-वीस नर पकडले, एकेकाला अरुंद काचेच्या पेटीत आलेखाच्या कागदापुढे ठेवून मोजलं आणि लगेच परत सोडलं. तळ्यातले सरासरी १९ मिलिमीटर, हौदातले २३. तळ्यातले राखाडी, अंगावर एखादा फिकट नारिंगी डाग. हौदातल्यांचे रंग ठसठशीत. आणखी एक गोष्ट वर्गातल्या एका मुलीने हेरली. हौदातल्या वीसपैकी सतरा नरांच्या शेपटीच्या बुडाशी खसखशीएवढा काळा ठिपका आहे, अगदी एकाच जागी. तळ्यातल्या वीसांत तो फक्त तिघांना आहे.

हा खटाटोप सुरू झाला त्रिनिदादच्या गोष्टीवरून. गप्पी मूळचा तिकडचा: त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेतून ओढे धबधब्यांवरून उड्या घेत खाली येतात. धबधब्यांच्या खाली पाइक सिक्लिडसारखे शिकारी मासे असतात. ते वर चढू शकत नाहीत, म्हणून वरच्या पाण्यात गप्पीला त्रास फक्त रिव्ह्यूलस या छोट्या माशाचा, आणि तोही मुख्यतः पिल्लं खातो. ठसठशीत रंगाचा नर शिकाऱ्याच्या चटकन नजरेत भरतो, त्यामुळे खालचे नर फिके आणि वरचे रंगीत. (खालच्या शिकाऱ्यांपैकी एकाचं शास्त्रीय नाव होप्लियास मलाबॅरिकस. मासा अस्सल दक्षिण अमेरिकेचा, पण १७९४ मध्ये वर्णन करताना तो मलबारचा समजला गेला आणि नाव तसंच चिकटलं. मुलांना हे फार आवडलं.)

जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये आरिपो नदीतले सुमारे २०० गप्पी शिकाऱ्यांच्या पाण्यातून उचलले आणि फक्त रिव्ह्यूलस असलेल्या एका ओढ्यात सोडले. तिथे आधी गप्पी नव्हतेच. दोन वर्षांत, म्हणजे साधारण पंधरा पिढ्यांत, नरांच्या अंगावरचे ठिपके वाढले. पुढे डेव्हिड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांनंतरचे मासे तपासले. ते उशिरा वयात येऊ लागले होते, आणि पिल्लं कमी पण मोठी होत होती.

आमच्या हौदातही आतापर्यंत तेवढ्या पिढ्या झाल्या असतील. मुलं म्हणतात, "बाई, आपल्याकडे उत्क्रांती झाली!" हे वाक्य विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर लिहू द्यायला माझं मन धजत नाही. हौदाला दिवसभर ऊन मिळतं आणि भिंती शेवाळाने हिरव्यागार आहेत. नारिंगी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइडं गप्पीचं शरीर बनवत नाही, ती खाण्यातूनच मिळतात. तळ्याचं पाणी गढूळ. मग हा सगळा फरक शेवाळाचाच नाही कशावरून?

काचेच्या आठ बरण्या, चार महिने आणि उत्साही मुलं एवढीच सामग्री आहे. त्यात काय तपासता येईल? त्या काळ्या ठिपक्याचा काही अर्थ लागतो का? शिवाय शाळेमागच्या डोंगरातल्या ओढ्यात हौदातले गप्पी सोडून एंडलर यांच्यासारखा प्रयोग करावा असं मुलांना वाटतंय. परवानगी द्यावी का? कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओढ्यात गप्पी सोडू देऊ नका. आपल्या ओढ्यांत तो परका आहे, तिथल्या छोट्या माशांच्या तोंडचा घास पळवेल. आणि एकदा सोडलेला मासा गोळा करता येत नाही. त्रिनिदादमध्येच १९५७ साली कॅरिल हॅस्किन्स यांनी आरिमा नदीतले २०० गप्पी टुरूर नदीच्या वरच्या भागात सोडले होते. दोन्ही नद्यांची खोरी वेगळी, तिथले गप्पी काही लाख वर्षं एकमेकांपासून तुटलेले. काही दशकांनी तपासलं तर पाहुण्यांची जनुकं धबधबे उतरून खाली दूरवर पसरली होती आणि मूळचा वारसा बराचसा पुसला गेला होता. त्याच मुलखातल्या माशांची ही गत, आपल्याकडचं तर विचारूच नका.

आता ठिपका. तुमच्या नोंदींत मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. गप्पीच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, आणि नरांच्या रंगखुणांपैकी बऱ्याच फक्त नरांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातात. योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये हे गप्पीतच दाखवलं. तुमच्या हौदात सुरुवातीला चार-पाचच नर गेले असतील आणि त्यांतल्या एकाला असा ठिपका असेल, तर आज सतरा जण त्याचेच वंशज असू शकतात. यात मरळीचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोगाने वाटणी तशी झाली. म्हणजे फरक रक्तातला असूनही नैसर्गिक निवडीतून, म्हणजे शिकाऱ्यांपासून कोण वाचतो यावरून, आलेला नसेल. मुलांना हा मुद्दा जरूर समजवा, पुस्तकांत तो घाईघाईत उरकतात.

आकार आणि नारिंगी रंग यांचं वेगळं. दोन्हीकडच्या पोटुशा माद्या आणा. पिल्लं झाली की सगळ्यांना तेच पाणी, तोच उजेड आणि मोजून तेवढंच खाणं द्या. रेझ्निक असेच दोन पिढ्या वाढवत, कारण आईच्या पोसण्याचा परिणाम पहिल्या पिढीत उतरतो. चार महिन्यांत तुमची पहिलीच पिढी नीट होईल. तेवढ्यावर निकाल सांगू नका, "सुरुवात" म्हणा. आणि एक तळं, एक हौद एवढ्यावर मरळीचं नाव घेता येत नाही. त्रिनिदादचं बळ हे की एकामागून एक नद्यांत तोच नमुना दिसतो. आसपासच्या गावांतले आणखी हौद आणि तळी मोजा.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. ओढ्याचा बेत आज वर्गात सगळ्यांसमोर रद्द केला. मुलं हिरमुसली, पण टुरूरची गोष्ट सांगितल्यावर कुणी हट्ट धरला नाही. शेजारच्या दोन गावांतल्या शिक्षकांना हौद मोजायला विचारलंय.

ठिपका हेरणारी मुलगी म्हणते, ठिपकेवाला नर तळ्यातल्या मादीशी जुळवला आणि झाडून सगळ्या नर पिल्लांना ठिपका आला, तर तो बापाकडूनच आलाय हे दिसेल. पण मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते ना? मग तळ्यातली मोठी मादी चालणार नाही, पिल्लापासूनच वेगळी वाढवावी लागेल. नर-मादी ओळखायला खालचा पर टोकदार होतोय का ते कितव्या आठवड्यापासून पाहायचं? पोट फुगलेल्या चार माद्या सकाळीच तळ्यातून आणल्यात, त्यामुळे हे जरा लवकर कळलं तर बरं होईल.