पहिल्यांदाच घराबाहेर राहतेय, महिन्याचा खर्च आवाक्यात कसा आणू?

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी घर सोडून दोन महिने झाले. भाड्याच्या जागेत एकटीच राहते. घरी असताना वीजबिल कधी येतं हेही मला ठाऊक नसायचं, आता ते दिसलं की धडकी भरते.

पहिला महिना नुसता वाहून गेला. दुसऱ्या महिन्यात रोजचा खर्च वहीत लिहायला घेतला. भाड्याखालोखाल सगळ्यात मोठा रकाना निघाला ‘इतर’! आत बघितलं तर बादली, पायपुसणं, डबे, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, दिवसाआड बाहेरून मागवलेलं जेवण, आणि घरपोच आणण्याचे पैसे वाचावेत म्हणून गरज नसताना वाढवलेली ऑर्डर. हे शेवटचं लिहितानाच लाज वाटतेय.

तर अडचणी अशा :

१. घरात एक फ्रिज, पंखा, दिवे, टीव्ही आणि १५ लिटरचा गीझर. एसी नाही. दिवसभर मी बाहेर. तरी बिल आमच्या घरच्या चौघांच्या बिलाच्या निम्म्याहून जास्त. वीज जाते कुठे?

२. एकटीसाठी भाजी किती आणायची याचा अंदाजच येत नाही. दर आठवड्याला काहीतरी सडून टाकावं लागतं.

३. जुनं वॉशिंग मशीन घ्यावं का?

‘बाहेरचं खाणं बंद कर’ एवढंच कृपया सांगू नका, ते आईचं सांगून झालंय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

पहिला संशय गीझरवर. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट. गीझर बहुधा २००० वॅटचा असेल, म्हणजे अर्ध्या तासात युनिट संपलं. तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांवर चालतो. दिवे बंद करत फिरण्याचा आटापिटा करण्याआधी गीझरचं बटण बघा.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. ते टळत नाही. पण गीझर चालूच राहिला तर आतलं पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत बसतो. अंघोळीआधी लावा, लगेच बंद करा. कढत पाण्यात गार मिसळूनच अंघोळ करत असाल तर तापमानही खाली आणा.

टीव्ही आणि त्याचा डबा रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. नुसते १० वॅट दिवसरात्र चालू राहिले तरी महिन्याला ७ युनिटं होतात.

प्रतिसाद २

राहायला आलात त्या दिवशी मीटरचा फोटो काढला होतात का? मी काढला नव्हता, आणि आधीच्या भाडेकरूचं महिनाभराचं बिल निमूटपणे भरलं. बिलावरचं मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. कधी कधी रीडिंग न घेता सरासरीवर बिल काढतात.

दुसरं, रात्री सगळी उपकरणं बंद करून, फ्रिजसुद्धा, मीटरवरचा छोटा लाल दिवा बघा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. सगळं बंद असताना लुकलुकला तर वीज कुठेतरी जातेय.

प्रतिसाद ३

अगं, भाजीचं सांगते. आठवड्याची यादी करू नकोस, एकटीच्या यादीला काही अर्थ नसतो. कामाला उशीर झाला की दोन दिवस स्वयंपाकच होत नाही. तीन दिवसांची आण. पालेभाजी पहिल्या दिवशी, टणक भाज्या नंतर. फ्रिजमध्ये लवकर संपवायच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेव, मागे गेलं ते गेलंच. आणि दमून आल्यावर खायला शिजवलेलं काहीतरी फ्रीजरमध्ये असू दे. बाहेरून मागवणं भुकेपेक्षा कंटाळ्याने होतं.

मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. १०० ग्रॅमला काय पडतं ते बघ. संपायच्या आत खराब झालं तर ते महागच.

भांड्यावर झाकण ठेव, कुकर वापर. कुकरच्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो आणि गॅसही.

प्रतिसाद ४

मशीन घ्या. त्याची वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते, गार पाण्यात धुतलंत तर फारसं जाणवणार नाही. जुनं घेताना एक पूर्ण फेरी समोर चालवून बघा, विशेषतः पिळताना. पण आधी ‘इतर’चा रकाना दोन महिने आटोक्यात येऊ द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गीझर खरोखरच सकाळपासून चालू राहायचा, कबूल. रीडिंग बरोबर निघालं.

पण मीटरची गंमत ऐका. काल रात्री सगळं बंद केलं, मेन स्विचही खाली केला. दिवा लुकलुकतोच आहे! मीटरवर ३२०० आकडा आहे. दोन लुकलुकींमध्ये २८ सेकंद, म्हणजे हिशेबाने ४० वॅट. वर बघितलं तर जिन्यातली ट्यूब. ती मालवल्यावर मीटर शांत झाला. रोज १२ तास धरले तर महिन्याला १४ युनिटं मी अख्ख्या जिन्यासाठी भरतेय.

आता घरमालकांना हे कसं सांगू? काका स्वभावाने बरे आहेत, पण करार त्यांनीच लिहिलाय आणि अनामत त्यांच्याकडे आहे. दोन महिन्यांचा फरक मागावा की नुसतं जोडणी बदलून द्या म्हणावं?