कानशिलावर केस विरळ झालेत, शाळेच्या दोन वेण्या कशा घालाव्यात?

वेण्णाकाठ (सातारा)
मुलगी आठवीत आहे. दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला, आता कंगव्यात रोज पुंजका येतो. त्यात कानशिलांवर कातडी दिसायला लागलीये. शाळेत दोन वेण्या दुमडून लाल रिबीन, हा नियम. केस कमरेच्या जरा वर, बारीक आणि सरळ. कापायला ती तयार नाही. वेणी सैल घातली तर मधल्या सुट्टीपर्यंत सुटते, घट्ट घातली तर डोकं दुखतं. शिवाय पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, गंगावन लावलं तर चालेल का?

चाफेकळी (सांगली)
ताई, इथे दोन गोष्टी एकत्र झाल्यात. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस गळतात. ते सहसा सहा महिन्यांत आवरतं आणि केस परत येतात. कानशिलावरचं मात्र बहुधा वेणीच्या ओढीचं आहे. ओढ आत्ताच थांबली तर तिथेही येतील. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच मरतं, मग काही उगवत नाही.

ओढ वेणीच्या शेपटात नसते, पहिल्या तीन-चार वळणांत असते. आपण नेमकं उलटं करतो: मुळाशी आवळतो आणि खाली ढिलं सोडतो. म्हणून डोकं दुखतं आणि वेणी सुटतेही.

केस पूर्ण वाळलेले हवेत. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो, म्हणून न्हाणं रात्री नको, सुट्टीच्या दिवशी दुपारी. मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता टोकाकडून वर सोडवत जा, बट मुठीत धरून, म्हणजे हिसका मुळाला बसत नाही. भांग पाडताना कपाळाकडचे बोटभर रुंदीचे केस ओढून मागे नेऊ नका, कानावरून आपसूक पडतील तसेच घ्या. वेणी कानाच्या वर सुरू न करता कानाच्या पाळीखाली, मानेजवळ सुरू करा. पहिली तीन वळणं अशी ठेवा की वेणीखाली करंगळी सहज सरकेल. चौथ्यापासून पेड नेहमीसारखे आवळा. पकड तिथेच लागते, आणि तिथे आवळल्याने मुळांना काही होत नाही.

झाल्यावर तिला भुवया उंचावायला आणि मान खाली घालायला सांगा. कानशिलाची कातडी ताणली गेली तर सोडून परत घाला. केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या किंवा लाली दिसली तर वेणी घट्टच आहे, मग ती कितीही सैल वाटो.

रिबीनवाली (कराड)
वरचं सगळं बरोबर. रिबिनीबद्दल थोडं. दुमडलेली वेणी वर कानाशी बांधली की तिचं सगळं वजन एकाच जागी लटकतं. रिबीन कानाच्या पाळीच्या खाली, दुमडलेल्या वेणीच्या मध्यावर बांधा. नियमही पाळला जातो आणि भार वेणीवरच राहतो. टोकाला साधं रबर नको, काढताना दोन-चार केस हमखास तुटतात. कापडी रबर वापरा, किंवा रिबिनीचीच गाठ मारा. बारीक केसांवर साटीनची रिबीन घसरते, सुती जास्त धरते.

मधला भांग रोज त्याच रेषेत पाडू नका, अर्धा बोट इकडे-तिकडे सरकवा. घरी आल्या आल्या वेण्या सोडा. रात्री मानेवर एकच सैल वेणी, बस.

वेण्णाकाठ (सातारा)
कपाळावर बारीक केस सुटून येतात, त्यावर शाळेत बोलतात. क्लिप लावू का?

चाफेकळी (सांगली)
विरळ जागेवर लावू नका. क्लिप तिथून दोन बोटं मागे, दाट केसांत लावा. सुटलेल्या केसांवर ओल्या हाताने कोरफडीच्या गराचा अगदी पातळ हात फिरवा, बसतात. ते सुटलेले आखूड केस बऱ्याचदा नवे उगवलेलेच असतात. ते ओढून वेणीत कोंबू नका. वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी द्या, समजून घेतील.

गंगावन आत्ता नको. लग्नात लावायचंच असेल तर हलकं, चार-पाच तासांपुरतं. मुळाशी गाठ न मारता आधी स्वतःची वेणी वीतभर घाला, मग त्यात तिसऱ्या पेडासोबत ते गुंफा. डोक्यापासून लांब असल्याने ओढ बरीच कमी बसते. गजराही वेणीलाच दोऱ्याने बांधा, टाळूवर आकड्यांनी नाही. ओला गजरा वाटतो त्यापेक्षा जड असतो.

रिबीनवाली (कराड)
आणि एक पाहा. केस गेलेली गोल, गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई (चकत्यांनी केस जाण्याचा आजार) असू शकते. खवले, खाज किंवा मध्येच तुटलेले केस असतील तर बुरशी असू शकते. या दोन्हींवर वेणीचा काही उपाय नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तापानंतरची गळती सहा महिन्यांनंतरही चालूच राहिली तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या.