दुपारी ४ नंतर बिलिंग अडकतं, डायग्नोस्टिक क्वेरीज चालवल्या पण उलगडा होईना

पालदावाला:
नमस्कार मंडळी, इंदूरला पालद्याला एका होलसेलरकडचा एसक्यूएल सर्व्हर (बिलिंगचा डेटाबेस) बघतो, मी मूळचा हार्डवेअरचा माणूस, दुसरं कोणी नाही म्हणून गळ्यात पडलंय. २०१९ स्टँडर्ड, ३२ जीबी रॅम. रोज ४ नंतर, नेमकी गाड्या भरायची वेळ, बिलिंगची स्क्रीन अडकते, कधी २ मिनिटं कधी १०, मग आपोआप सुटते. नेटवरून डायग्नोस्टिक क्वेरीजची फाइल घेतली, सकाळी निवांत बसून सगळ्या चालवल्या, एवढे रिझल्ट की डोकं गरगरलं. वेट स्टॅट्समध्ये (सर्व्हर कशापायी किती थांबला त्याची नोंद) सगळ्यात वर सीएक्सपॅकेट, म्हणजे एक क्वेरी अनेक कोअरवर वाटून चालवताना होणारं थांबणं. एक जण म्हणतो मॅक्सडॉप १ करून टाक, म्हणजे प्रत्येक क्वेरी एकाच कोअरवर चालेल. करू का? सर्व्हर दीड महिना रीस्टार्ट नाही झालेला.

लॉगबुक:
अजिबात नको. तो आकडा म्हणजे दीड महिन्याची बेरीज आहे, रात्रीचे रिपोर्ट, इंडेक्स रीबिल्ड, सगळं त्यात आलं. दुखतं ४ वाजता आणि तपासता सकाळी? वेट स्टॅट्सचा डीएमव्ही (सर्व्हरच्या आत काय चाललंय ते दाखवणारा व्ह्यू) ४ वाजता एका टेंप टेबलात टाका, ५ मिनिटांनी परत टाका, वजाबाकी करा. जे वर येईल ते खरं.

जुना_खोडरबर:
मेमरी पण बघून घ्या हो. मॅक्स सर्व्हर मेमरी २१४७४८३६४७ (डीफॉल्ट, म्हणजे मर्यादाच नाही) दिसली तर कोणी हातच लावलेला नाही, विंडोजला ४-५ जीबी सोडून बाकी द्या. आणि पेज लाइफ एक्सपेक्टन्सी (डेटाचं पान मेमरीत किती सेकंद टिकतं) ३०० च्या वर म्हणजे सगळं छान, हे जुन्या कमी रॅमच्या काळातलं गणित, त्यावर विसंबू नका.

पालदावाला:
मेमरी तशीच होती, २६ जीबी केली, अडकणं तसंच. वजाबाकीत मात्र सीएक्सपॅकेट पार खाली आणि वर एलसीके_एम_एस, म्हणजे वाचण्यासाठी लॉकची वाट बघणं! रिक्वेस्ट्सच्या डीएमव्हीत ११ जण ५८ नंबरच्या सेशनमागे (सेशन म्हणजे एक कनेक्शन) अडकलेले. गंमत म्हणजे ५८ ची ओळच नाही तिथे, भूत आहे का काय 😅

लॉगबुक:
भूत नाही, झोपलाय तो. त्या डीएमव्हीत फक्त आत्ता काम चाललेले दिसतात. सेशन्सच्या डीएमव्हीत ५८ शोधा, स्टेटस स्लीपिंग आणि ओपन ट्रान्झॅक्शन काउंट १ (सुरू करून न संपवलेलं एक काम) दिसेल बघा. होस्टनेम, प्रोग्रामनेम पण तिथेच मिळेल, म्हणजे कोणत्या टेबलावरचा पीसी ते कळेल. लगेच किल मारू नका (सेशन जबरदस्तीने बंद करू नका), अर्धवट काम रोलबॅक म्हणजे रद्द होईल, आधी त्या माणसाला विचारा.

पालदावाला:
सापडला!! अकाउंट्सचा पीसी. काका ४ वाजता स्टॉकची एंट्री उघडतात, गोडाउनमधून आकडा मागवतात आणि तो येईपर्यंत चहाला जातात, सॉफ्टवेअरने स्क्रीन उघडतानाच ट्रान्झॅक्शन चालू करून ठेवलेलं, सेव्ह दाबेपर्यंत त्या आयटमच्या ओळी लॉक. आज मुद्दाम त्यांच्या शेजारी उभा राहिलो, सेव्ह दाबलं आणि पलीकडे बिलिंगची सगळी बिलं एकदम फडफड निघाली. सॉफ्टवेअरवाल्यांना इनपुट बफरच्या (त्या सेशनने शेवटी पाठवलेली कमांड) स्क्रीनशॉटसकट मेल टाकलाय, एवढे दिवस रॅम वाढवा एवढंच सांगत होते. तोवर काकांना म्हटलं, आधी आकडा मागवा मग स्क्रीन उघडा. ते म्हणाले, मग चहाला कधी जाऊ?