माणशी आठशे रुपये भरून शेत बघायला जायचं?

डेक्कनचा_काका:
जानेवारी उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हुरडा पार्टीच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. गेल्या रविवारी शिरूरकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात जाऊन आलो. मोठ्यांना आठशे, मुलांना चारशे. आम्ही दोघं, आई-वडील आणि दोन पोरं, म्हणजे चार हजार गेले. पेट्रोल वेगळं.

मिळालं काय? सकाळी मिसळ, माणशी दोन मुठी हुरडा, बैलगाडीतून एक फेरी (एका गाडीत बारा जण, बैलांचे हाल बघवत नव्हते), मग रेन डान्स, जादूगार, जेवण आणि चार वाजता चहा-भजी. डीजे दिवसभर. शेत होतं, नाही असं नाही, पण ते कुंपणापलीकडे. तिकडे एकही पाहुणा फिरकला नाही. आमच्या धाकट्याला घरी आल्यावर विचारलं, ज्वारी कशाला लागते? म्हणाला, चिवड्याला.

त्यापेक्षा मुलांना भाज्याच्या लेण्यांना न्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, रमतगमत भाजे गावात पोचायचं, पायऱ्या चढायच्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना तेही नाही. दोन हजार वर्षांहून जुना चैत्य, एकमेकांशेजारी कोरलेले स्तूप. शेवटच्या बाजूच्या विहारात भिंतीवर रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र आहे. इंद्राच्या हत्तीने झाड उपटून सोंडेत धरलंय, ते पोरांना दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा. तिथेच एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. रेन डान्सपेक्षा बरा नाच आहे.

माझं म्हणणं एवढंच की कृषी पर्यटन म्हणजे गावरान मुखवटा लावलेलं रिसॉर्ट आहे. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

सूनबाई_ठाणेकर:
मला वेगळं वाटतं. काका, भाज्याला जाताना डबा कुणी केला होता?

तुमच्या हिशेबात लोकलचं तिकीट आहे, लेण्यांचं तिकीट आहे, माझी मजुरी कुठे दिसली नाही. आमच्याकडे ‘स्वस्तात मस्त’ सहल ठरली की मी पहाटे चारला उठते. सासऱ्यांना मऊ दशम्या, मुलांना तूप-साखरेच्या पोळ्या, बाकीच्यांना थालीपीठ आणि बटाट्याची सुकी भाजी. चटणीची डबी, लोणच्याची डबी, कागदी डिश, चमचे, चादर, ओला रुमाल, कोरडा रुमाल, धाकटीचे जास्तीचे कपडे. घरातले पुरुष साडेसहाला उठून ‘अजून झालं नाही?’ विचारतात. वर पोचल्यावर सगळे निसर्ग बघतात आणि मी डबे उघडते. रात्री घरी येऊन तेच डबे मी घासते, आणि तेलकट झाकणाला वास राहिला की दुसऱ्या दिवशी परत.

हुरडा पार्टीत सकाळी साडेनऊला कुणीतरी माझ्या हातात गरम पोह्यांची डिश दिली. मी बसले होते. दुपारी चुलीवरची भाकरी थेट ताटात आली. शेत कुंपणाच्या अलीकडे होतं की पलीकडे, मी खरंच बघितलं नाही. आठशे रुपये त्या बसण्याचे होते.

आणि स्वच्छतागृह. गडावर पुरुषांना झाडाचा आडोसा पुरतो. आम्ही सकाळपासून पाणी मोजून पितो. या विषयावर गडप्रेमी कधी चार ओळी लिहीत नाहीत.

रानवाट:
ताई, स्वच्छतागृहाचं शंभर टक्के मान्य. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले. पण वारसास्थळी आलेल्या बाईने जायचं कुठे, याचं उत्तर आजही बहुतेक ठिकाणी ‘खाली हॉटेलात विचारा’ हेच आहे.

डब्याचं मात्र पटत नाही. घरातली कामं वाटून घेतली जात नाहीत, हे घरातलं दुखणं झालं. त्यावर आठशे रुपयांचा लेप लावून एक दिवस बरं वाटेल. सोमवारी पुन्हा चार वाजता उठणार कोण?

शिवाय डबा हवाच कशाला? सिंहगडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळतं, आणि ते पैसे गडावरच्या आणि घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतीच्या वाड्यांतल्या, बायामाणसांच्या हातात पडतात. तेही कृषी पर्यटनच, फक्त फलक नाही.

एक मात्र सांगतो, पावसाळ्यात लहान मुलं घेऊन धबधब्याखाली जाऊ नका. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याआधी तिथे पाणी कमी होतं म्हणून ते उभे होते. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो.

घोडनदीचा_शेतकरी:
आमचं केंद्र आहे म्हणून लिहितो. काका आमच्याकडं आले नव्हते, पण बोलणं आम्हालाच लागू आहे.

दोन मुठी हुरडा मिळाला म्हणता. दोन मुठी कशा तयार होतात ते ऐका. रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसावर पेरायची. सगळी एकदम पेरली तर आठवड्याभरात सगळी कणसं चिकावर येतात, म्हणजे दाणा दुधाळ होतो, आणि पुढच्या रविवारी दाणा कडक. म्हणून आम्ही आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तुकडे पाडून पेरतो. वाण साधा चालत नाही, हुरड्याचा वेगळा लागतो. सुरती आहे, गुळभेंडी आहे, राहुरीच्या विद्यापीठाची फुले उत्तरा, फुले मधुर आहे. पाखरं राखायला दिवसभर माणूस. पाहुणे यायच्या आधी आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, पेटवायची, गोवऱ्यांचा नुसता आर झाला पाहिजे, जाळ असला की दाणा बाहेरून करपतो आणि आत कच्चा. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, गार झालं की दाणा सुटत नाही. आमच्या आगटीवरच्या माणसाचे तळहात बघा एकदा. आणि ज्वारीच्या धाटाला कणीस एकच. ते हुरड्याला मोडलं की त्याचं धान्य विसरायचं.

आता रेन डान्स. फोनवर पहिला प्रश्न काय असतो माहिती आहे? ‘पूल आहे का?’ हुरडा कोणत्या वाणाचा, असं आजवर एकानं विचारलं नाही. पहिल्या हंगामात आम्ही फक्त शेतफेरी, गोठा, मोट आणि जेवण ठेवलं होतं. पाहुणे अकरा वाजता विचारायचे, ‘आता पुढे काय?’ शेजारच्यानं डीजे लावला आणि गाड्या तिकडं वळल्या. सरकारनं 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी होते, ते चांगलं झालं. पण धोरणानं गिऱ्हाइकाची आवड बदलत नाही.

भाकरी थापायला गावातल्या बायका येतात, त्यांना रानातल्या रोजापेक्षा जास्त मिळतं आणि काम सावलीत. माझा पोरगा पुण्याला कंपनीत जाणार होता, तो इथं थांबलाय. ह्याला मुखवटा म्हणायचं असेल तर म्हणा.

डेक्कनचा_काका:
दादा, हुरड्याचं लिहिलंत ते केंद्रात कुणी सांगितलं असतं तर आठशे वसूल झाले असते. हीच तक्रार आहे माझी! पेरणीचे तुकडे, आगटी, पाखरं, खरा खेळ तोच आहे, आणि तुम्ही लोक तो कुंपणामागे ठेवून जादूगार पुढे करता.

गिऱ्हाईक मागतं म्हणून दिलं, हे मला पटत नाही. शिरूर तालुक्यात काही गावांत एप्रिलमध्ये टँकर फिरतात. त्याच पट्ट्यात जानेवारीत शहरातल्यांना नाचवायला पाणी उडवायचं? गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे.

सूनबाई, डबा आमच्याकडे मीच भरतो. ब्रेड-बटर आणि काकडी. कुणी कौतुक करत नाही ते सोडा.

गुडघे_दुखी:
आईला घेऊन कुठे जायचं ते सांगा की. भाज्याच्या पायऱ्या तिला जमणार नाहीत. रायगडला रोपवे आहे, पण सुट्टीच्या दिवशी रांगेत उभं राहायला वेगळे गुडघे लागतात. कृषी केंद्रात बाज होती, सावली होती, गाडी दारापर्यंत गेली. ती दिवसभर तिथल्या भाकरी करणाऱ्या बाईशी सोलापूरच्या आठवणी काढत बसली. तिला तुमचा डीजे ऐकूही आला नसेल, कानाचं मशीन काढून ठेवलं होतं.

नागपुरी_संत्री:
तुमचं जग लोणावळ्यात सुरू होऊन शिरूरला संपतं. आमच्याकडे नातेवाईकांच्या वावरात रोडगे करतात. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. तिकीट नाही. संध्याकाळी येताना रामटेकला गडावर दर्शन. पण वावर असलेला नातेवाईक लागतो, आणि तो दरवर्षी एकेक कमी होतोय, हे खरं.

झेडपी_मास्तर:
एक उलटी बाजू. मी ज्या गावात शिकवतो तिथं अशी केंद्रं आहेत. शहरातली पोरं आमच्याकडं म्हैस बघायला येतात. आमच्या पोरांची सहल एसटीनं पुण्याला जाते, शालेय सहलीला निम्मं भाडं असतं म्हणून परवडतं. केळकर संग्रहालय, कात्रजचं प्राणिसंग्रहालय. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं? सरकता जिना. वर जाऊन खाली, खाली येऊन वर. मी ओरडलो, मग मीही दोनदा गेलो. पोरांना आपल्या गावात नसतं ते बघायचं असतं. तुमच्या पोराला रेन डान्स आवडला तर त्याला दोष देऊ नका, पण मग त्याला शेत म्हणू नका.

रानवाट:
मास्तर, शेवटचं वाक्य मालकांना लागू करा. फलकावर ‘वॉटर पार्क’ लिहा आणि काय हवं ते उडवा.

एसटीवरून आठवलं. बायकांना एसटीत निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. जुन्नरला उतरलं की शिवनेरी आणि लेण्याद्री एका दिवसात होतात. गाडी, पार्किंग, पेट्रोल काही नको.

सूनबाई_ठाणेकर:
निम्म्या तिकिटात बसायला जागा मिळते का तेही लिहा. सुट्टीच्या दिवशी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन एसटीत चढून बघा, मग बोलू.

डेक्कनचा_काका:
घोडनदीचे दादा, एक व्यवहार करू. पुढच्या महिन्यात येतो, पूर्ण पैसे भरतो. रेन डान्सच्या वेळी आमच्या पोरांना ज्वारीत सोडा आणि पाखरं राखायला गोफण द्या.

घोडनदीचा_शेतकरी:
पुढच्या महिन्यात नको, शेवटचा तुकडा संपत आलेला असेल. ह्याच महिन्यात या, मंगळवारी किंवा बुधवारी, रविवारी मला बोलायला उसंत नसते. गोफण देतो. दगड पार्किंगच्या दिशेनं गेला तर काच तुमच्या खिशातून.